मूलचा रस्ता

२६ जानेवारी २०२५, रविवार, सकाळी सव्वासात. राजुऱ्यात माझ्या गल्लीच्या तोंडाशी तीन तुटक हॉर्न वाजले. आवाज अनोळखी होता. वाजवण्याची रीत ओळखीची होती.

उघड्या खाणीत सुरुंग उडवण्याआधी आमच्याकडे भोंगा असाच तीनदा तुटक वाजे. माणसे मागे हटत. सुरुंग उडे, धूळ बसे, पाहणी होई आणि मग एकदाच लांब भोंगा होई. म्हणजे आता जायला हरकत नाही. ज्यांच्याविषयी मी लिहितो आहे ते त्या कोळसा खाणीत ब्लास्टिंग ऑफिसर होते. मी तिथेच सर्व्हेअर होतो. ते मला सर्व्हेसाहेब म्हणत, मी त्यांना भाऊ म्हणे. दोघेही निवृत्त झालो, दोघांच्याही पत्नी गेल्या. दर रविवारी ते मला गाडीतून फिरायला नेत. न्यायला आले की तीन तुटक हॉर्न, सोडून निघाले की एक लांब.

एरवी हे हॉर्न माझ्या फाटकासमोर वाजत. त्या दिवशी ते गल्लीबाहेर वाजले, कारण नवी गाडी गल्लीत शिरू शकत नव्हती. गल्लीच्या तोंडाशी मी एक दगड पुरला आहे. रेतीचे ट्रॅक्टर वळताना माझ्या कुंपणाची भिंत घासत, म्हणून. शेजाऱ्यांनी तो काढण्याविषयी अनेकदा सुचवले. दगड माझ्या हद्दीत आहे, मोजून पुरला आहे. मी नकार दिला.

बाहेर येऊन पाहिले तर काळी, रुंद गाडी रस्त्याच्या कडेला घुरघुरत उभी होती. बॉनेट एवढे लांब की त्यावर खाट टाकता यावी. शाळेच्या कर्ण्यावर देशभक्तीची गाणी लागली होती आणि ती त्या घुरघुरीखाली दबून जात होती. कोपऱ्यावरचा चहावाला हातात किटली घेऊन गाडीभोवती फिरत होता.

"साहेब, बेडकी गेली न हेला आला!" तो भाऊंना म्हणाला. हेला म्हणजे रेडा. "बाप्पा! एवढा मोठा हेला बांधता कुठी? आन वैरण काय टाकता त्याले?"

भाऊंनी उत्तर दिले नाही. ओठ किंचित विलग ठेवून ते समोर पाहत होते. ते नेहमीच तोंड थोडे उघडे ठेवून बसत. सुरुंग उडताना कानाच्या पडद्यावर दाब येऊ नये म्हणून खाणीतली माणसे तसे करतात. भाऊंचे तोंड कायमचे तसेच राहिले. न ओळखणाऱ्यांना वाटे, त्यांना काहीतरी बोलायचे आहे. मीही पुष्कळ वर्षे तसे समजत होतो.

बेडकी ही त्यांची आधीची गाडी. हिरवी, फायबरच्या अंगाची, छत काढून ठेवता येणारी, दोनच आसनांची शर्यतीच्या घाटाची गाडी. ती त्यांनी गोव्याकडून जुनी आणली होती. इतकी हलकी की वरोऱ्याच्या बाजारात ती कापसाच्या गाड्यांत अडकली तेव्हा चार हमालांनी मागची बाजू उचलून तिचे तोंड फिरवून दिले. इतकी बुटकी की शेजारून ट्रक गेला की आमच्या डोळ्यांसमोर त्याच्या चाकाचे नट येत. भाऊंच्या पत्नी तिला चप्पल म्हणत. "त्या चपलेत मी पाय घालणार नाई," असे त्यांनी सांगितले होते, आणि त्या अखेरपर्यंत तीत बसल्या नाहीत. ते डावे आसन पुढे माझ्याकडे आले.

उघड्या गाडीत भाऊ खाणीतले पिवळे हेल्मेट घालत. एक मलाही दिले. दोन म्हातारे, दोन पिवळी हेल्मेटे, एक हिरवी गाडी. मुलचेऱ्याकडच्या एका वस्तीत लोकांनी आम्हाला सरकारी पाहणीला आलेले साहेब समजून खुर्च्या टाकल्या. भाऊ खुर्चीवर बसले, पाणी प्याले, विहिरीविषयीची तक्रार पूर्ण ऐकली आणि म्हणाले, "वर कळवतो." परत येताना मी विचारले, वर म्हणजे कोणाला? त्यांनी उत्तर दिले, "हो. यंदा सोयाबीन चांगलं हाय."

अशी उत्तरे देण्याबद्दल ते प्रसिद्ध होते. खाणीतही. वरिष्ठ काही विचारीत, भाऊ भलतेच काही सांगत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतकी खात्री असे की पुन्हा विचारण्याचे धैर्य कोणाला होत नसे. काहींच्या मते तो गर्व होता, काहींच्या मते वेड. मी त्याला स्वभाव म्हटले आणि पुढे विचार केला नाही.

त्यांचे काही नियम होते. एका रस्त्याने लागोपाठ दोन रविवार जायचे नाही. टपरीच्या बाकावर त्यांनी माझ्या डावीकडेच बसायचे. मी आधी त्या टोकाला बसलेला असेन तर मला उठवून जागा बदलायची. आणि कोठेही शिरण्यापूर्वी दाराशी थांबायचे. लग्न असो, बँक असो, दवाखाना असो, ते उंबऱ्याबाहेर काही वेळ उभे राहत. "अजून क्लिअर नाई," म्हणत. खाणीत सारेच सुरुंग उडत नाहीत. एखादे छिद्र न उडता राहते. त्याला मिसफायर म्हणतात. घाईने आत गेलेला माणूस त्यावर पाय देतो. म्हणून थांबायचे असते. भाऊ निवृत्तीनंतरही थांबत राहिले. न पटणाऱ्या माणसालाही ते मिसफायर म्हणत.

त्यांच्या पत्नीला अग्नी दिला तेव्हा मी घाटावर होतो. लाकूड मोठ्याने फुटले. भाऊंनी मनगट वळवून घड्याळ पाहिले. लोकांनी एकमेकांकडे पाहिले. पुढे सगळे निघाले, नातेवाईकही निघाले. भाऊ निघाले नाहीत. मी त्यांना चलण्याविषयी म्हटले.

"क्लिअर झाल्याबिगर कसा जाऊ?" ते म्हणाले.

मी थांबलो. वर्धा नदीला पाणी कमी होते. पलीकडे बल्लारपूरच्या कागद कारखान्याचा धूर सरळ वर जात होता. आम्ही ऊन उतरेपर्यंत उभे होतो. त्यानंतरच्या रविवारी माझ्या फाटकासमोर प्रथम तीन तुटक हॉर्न वाजले.

माझा मुलगा पुण्याला असतो. आई गेल्यापासून तो मला तिकडे बोलावत होता. मी टाळत आलो. गेल्या दिवाळीत मी होकार दिला. गुढीपाडव्याला जायचे, घर भाड्याने द्यायचे, पुन्हा यायचे नाही. कारण सांगण्यासारखे नव्हते. सहा दिवस मी घरात कोणाशी बोलत नसे. सातव्या दिवशीही गाडीतून फार बोलणे होत नसे. एवढ्यासाठी एका गावात राहणे मला हिशेबाला धरून वाटले नाही.

हे भाऊंना सांगणे भाग होते. दिवाळीनंतरच्या रविवारी, विरूरच्या रस्त्याला, मी सांगितले. मी मूळचा साताऱ्याकडचा. इतकी वर्षे इथे काढूनही माझी भाषा पुस्तकीच राहिली. इथल्या माणसासारखे 'पोराकडे' माझ्या तोंडात येत नाही. मी म्हणालो,

"भाऊ, पाडव्याला मी मुलाकडे जाणार आहे."

त्यांनी गेअर बदलला. गेअर करकरला. अलीकडे तो फार करकरे.

"जाऊ ना," ते म्हणाले. "पाडव्यापर्यंत काऊन थांबता? रस्ता आता बढिया झाला."

मी हेल्मेट सरळ केले आणि समोर पाहू लागलो. इतक्या वर्षांच्या सोबतीनंतर त्यांना माझे जाणे पाडव्यापर्यंतही लांबवावेसे वाटत नव्हते. निदान मी तसे समजलो. त्यांच्या 'जाऊ' या शब्दाकडे माझे लक्ष गेले नाही. त्यानंतर मी गाडीत बोलणे बंद केले. त्यांच्या लक्षात आल्याचे दिसले नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी गाडी बल्लारपूर, चंद्रपूर ओलांडून मूलच्या रस्त्याला घातली. मूल हे धानाचे गाव. आमच्याकडचा कापूस मागे पडतो, लोहाऱ्यापासून जंगल लागते, ते संपले की बांध्याच बांध्या, म्हणजे धानाची खाचरे, दिसतात आणि गाव येण्याआधीच राईस मिलच्या कोंड्याचा वास येतो. बसस्टँडजवळ गाडी थांबवून भाऊ म्हणाले, "या तुमी. मी बसतो इथी."

त्यांना एकटे बसायचे आहे, असे मी धरले. बाजाराच्या टोकापर्यंत गेलो, एक चहा घेतला, परत आलो.

"झालं काम?" त्यांनी विचारले.

"कसले काम?"

"बरं. मंग पुढच्या रविवारी पुन्हा येऊ."

आणि पुढच्या रविवारी ते पुन्हा मूललाच गेले. त्याच्या पुढच्याही. लागोपाठ एका रस्त्याने न जाणारा माणूस दर रविवारी मला साठ-सत्तर किलोमीटर नेऊन त्याच बसस्टँडजवळ उतरवत होता आणि काम झाले का, म्हणून विचारत होता. वय झाले, असे मी मनाशी म्हटले. मी दर वेळी तोच चहा घेऊन परत येत असे. पाडवा जवळ येत होता. तोवर चालवून घ्यावे, एवढेच मी ठरवले होते.

पौष लागल्यावर दोन रविवार हॉर्न वाजला नाही. भाऊंनी बेडकी विकली, नागपूरचा भूखंडही विकला आणि ते हैदराबादला गेले आहेत, हे कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडून कळले. "म्हाताऱ्याले चळ लागला," असे तो म्हणाला. त्या दोन रविवारी मी सकाळी कपडे करून बसलो होतो.

म्हणून प्रजासत्ताक दिनाच्या सकाळी तो हेला पाहून मला आनंद झाला नाही. मी आत बसलो. बेडकीत आमचे खांदे घासत. गेअरचा दांडा माझ्या गुडघ्याला लागे. इथे दोघांच्या मध्ये हातभर रुंद कप्पा होता. दार लागताच बाहेरचा आवाज गेला आणि इंजिनाचा घुमारा तेवढा उरला. भाऊ माझ्यापासून फार लांब बसल्यासारखे वाटले. हेल्मेटे नव्हती.

वर्धेच्या पुलावर मागून कोळशाचा ट्रक आला. त्याने हॉर्न दिला. भाऊंनी बाजू दिली नाही. त्याने पुन्हा दिला, मग धरूनच ठेवला.

"मागे ट्रक आहे," मी म्हणालो.

ते समोर पाहत होते. तोंड किंचित उघडे.

"भाऊ, ट्रक आहे मागे."

काही नाही. ट्रक आम्हाला घासून पुढे गेला. क्लीनरने खिडकीतून अर्धे अंग बाहेर काढून जी शिवी दिली तीत आमच्या दोघांच्या वयाचा उल्लेख होता. ती भाऊंना दिसली. पूल संपल्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केले. मग ते आसनात पूर्ण वळले आणि माझ्या ओठांकडे पाहत बोलू लागले.

"हॉर्न देऊन राह्यला होता का तो?"

मी मान हलवली.

"डावा कान गेला, सर्व्हेसाहेब. रिटायर व्हायच्या आधीच गेला. उजवा कधी चालू, कधी बंद. दोन्ही मिसफायर."

मी कानाला हात लावून यंत्राची खूण केली.

"मशीन आणली होती. तिच्यात मले फक्त वारा ऐकू येते. टाकून देली." ते थांबले. "बेडकी कानानं चालवाची गाडी होती. इंजिन काय म्हणते ते ऐकाचं न गेअर टाकाचा. ऐकूच नाई आलं तर काय टाकू? पावसाळ्यापासून नुसते दात खाऊन राह्यली होती बिचारी. याले गेअर टाकाच लागत नाई. आन याचं इंजिन कानानं नाई, पाठीनं ऐकू येते. ठेवा हात."

त्यांनी इंजिन सुरू केले आणि माझा हात धरून समोरच्या फळीवर ठेवला. हाताला धडधड लागली, कोपरापर्यंत आली. खाणीत दूर सुरुंग उडाला की कार्यालयाच्या टेबलाला अशी लागत असे. भाऊंनी डोळे मिटले होते. एवढा मोठा आवाज त्यांना एवढाच मिळत होता.

"लोक म्हणतात म्हाताऱ्याले चळ लागला. म्हणू द्या. मागचं मात्र मले कळत नाई. आरशात दिसते तेवढंच. म्हणून तुमी बाजूले पाहिजे. मागून हॉर्न आला का मांडीवर एक हात मारा. दोन मारले का मी थांबतो. तुमी नसले तं मी गाडी गावाबाहेर काढत नाई, हे ठरलेलं हाय."

उजव्या हाताला बसून गाडी चालवणाऱ्याचा डावा कान शेजाऱ्याकडे असतो. इतकी वर्षे मी त्यांच्या गेलेल्या कानात बोलत होतो. बाकावर जागा बदलण्याचा अर्थ मला त्या क्षणी लागला. आणखी पुष्कळ गोष्टींचा लागला. पण त्यांचे संपले नव्हते.

"आन तुमचं ते मूलचं काम. तुमी कधी कोणतं काम सांगत नाई. दिवाळीत म्हणले, मूलकडे जाचं हाय. पहिल्यांदा तुमी तोंडानं काई मागितलं. काय काम, ते म्या विचारलं नाई, तुमचं तुमच्यापाशी. पण इतक्या वेळा नेलं तरी काम होऊन नाई राह्यलं, आन बेडकीच्यानं आता मूलपावेतो जावत नव्हतं. म्हणून घाई केली. नाई तं उन्हाळ्यात घेतली असती गाडी."

मुलाकडे. मूलकडे.

मी 'पोराकडे' म्हटले असते तर हे घडले नसते.

इंजिन चालू होते. त्यांचे डोळे माझ्या ओठांवर होते. खरे काय ते सांगायला एक वाक्य पुरले असते. मात्र ते ओरडून सांगावे लागले असते. मी आयुष्यात ओरडून बोललेलो नाही. खाणीतही हाताखालच्या लोकांना खुणांनीच दिशा दाखवीत असे. एकदा हळू सांगितलेली गोष्ट पुन्हा ओरडून सांगितली की ती तीच गोष्ट राहत नाही.

"मंग? आज मूलच ना?" त्यांनी विचारले.

मी मान हलवली.

चंद्रपूरपर्यंत मी सात-आठ वेळा त्यांच्या मांडीवर हात मारला. प्रत्येक वेळी ते आरशात न पाहता बाजू देत. प्रथम मला संकोच वाटला. पुढे हात आपोआप जाऊ लागला. मधला रुंद कप्पा ओलांडायला थोडे वाकावे लागे, एवढेच. लोहाऱ्यानंतर सागवानाची पाने रस्त्यावर पडलेली होती. मागे कोणी नव्हते. एकदा मी कारण नसताना हात मारला. त्यांनी बाजू दिली, आरशात पाहिले, कोणी नाही असे पाहून माझ्याकडे पाहिले आणि गाडी पुन्हा रस्त्याच्या मध्ये घेतली.

बसस्टँडजवळ ते थांबले. "या तुमी," म्हणाले. "आज काम करूनच या."

मी बाजाराच्या टोकापर्यंत गेलो. तिथला चहावाला मला आता ओळखू लागला होता, त्याने न विचारता कमी साखरेचा चहा पुढे केला आणि म्हणाला, "साहेब, दर रविवारी येता. पावण्या-रावळ्याचं घर हाय का इथी?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग सासुरवाडी असंल!" तो स्वतःच हसला. मी चहा संपवला.

परत आलो तेव्हा भाऊ गाडीबाहेर उभे होते. भोवती जमलेल्या लोकांपैकी कोणीतरी गाडी लिटरला किती जाते, असे विचारत होता. भाऊ त्याला सांगत होते की होय, ते राजुऱ्याचेच. मला पाहताच त्यांनी गर्दी बाजूला केली.

"झालं काम?"

मी नकारार्थी मान हलवली.

त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसले त्याला निराशा म्हणता येत नाही.

"बरं," ते म्हणाले. "मंग पुढच्या रविवारी पुन्हा येऊ."

चार वाजता त्यांनी मला गल्लीबाहेर सोडले. मी आत वळेपर्यंत गाडी उभी होती. मग एक लांब हॉर्न झाला. तो स्वतःला ऐकू न येणारा हॉर्न ते दर रविवारी माझ्यासाठी वाजवत आले होते.

मी मुलाला फोन लावला.

"बाबा, बरं झालं केलात. पाडव्याचं तिकीट काढायला बसलोच होतो."

"काढू नकोस. मी येत नाही."

"म्हणजे? काय झालं?"

"रविवारी मूलकडे जायचे असते."

"अहो बाबा, मुलाकडेच तर या म्हणतोय मी!"

"मू दीर्घ," मी म्हणालो.

तो राजुऱ्यात वाढलेला आहे, त्याला कळले. "मूलला तुमचं काय आहे?" त्याने विचारले.

"काम आहे."

उजेड अजून होता. मी मागच्या पडवीतून पहार आणि फावडे काढले आणि गल्लीच्या तोंडाशी गेलो. दगड मी खोल पुरला होता. चारी बाजूंनी माती उकरावी लागली. कोपऱ्यावरचा चहावाला दुकान सोडून पाहायला आला.

"साहेब, आमी सारे सांगू सांगू थकलो तवा तुमी हात नाई लावू देला. आता काऊन काढून राह्यले?"

"रुंदी कमी पडते," मी म्हणालो.

त्याने किटली खाली ठेवली आणि पहारीला हात घातला. मी नको म्हटले नाही. दगड निघाला. तो आम्ही कुंपणाला टेकवून ठेवला. खड्ड्यात मी मुरूम भरला, वर बादलीभर पाणी टाकले आणि पायाने दाबून घेतला.